बरणीतली थैली

भिलाईच्या मरोदा भागातल्या कमलाबाईच्या पोटातून सत्तेचाळीस खडे निघाले, तेव्हा तिला दुखण्यापेक्षा अभिमानच जास्त वाटला. डॉक्टरांनी ते मोजले नव्हते. तिनेच मोजले, बरणी खिडकीतल्या उन्हात धरून, बाहेरूनच, दोनदा.

डिसेंबरातली गोष्ट. सात-आठ वर्षं तिच्या उजव्या बरगडीखाली दुखत होतं. भजी खाल्ली की दुखायचं, लग्नातलं जेवली की दुखायचं, म्हणून तिने भजी सोडली, पण लग्नं काही सोडली नाहीत. शेवटी एकदा रात्रभर लोळली, तेव्हा मुलगा राजदीप तिला भिलाईतल्याच एका लहानशा नर्सिंग होममध्ये घेऊन गेला. दुर्बिणीने ऑपरेशन झालं, पित्ताची थैली निघाली, तिसऱ्या दिवशी सुट्टी. निघताना सिस्टरने राजदीपच्या हातात प्लास्टिकची एक बरणी दिली. आत उग्र वासाच्या पाण्यात ती थैली आणि खाली बसलेले खडे. सोबत एक चिठ्ठी. बरणी लॅबमध्ये देऊन या, थैलीची बायोप्सी करायची आहे, असं सिस्टर म्हणाली.

राजदीप भिलाईच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे सुपरवायझर. त्या दिवशी त्याची दुसरी पाळी होती. आईला घरी सोडून पुन्हा लॅबपर्यंत जायचं, तर पाळी चुकली असती. त्याने आईला विचारलं. कमलाबाई म्हणाली की खडे होते ते निघाले, आता निघालेल्या खड्यांचं काय तपासायचं. राजदीपला ते पटलं. चिठ्ठी युनिफॉर्मच्या खिशात राहिली आणि युनिफॉर्म धुण्यात गेला.

बरणी टीव्हीशेजारी बसली. धोंडबाला, म्हणजे कमलाबाईच्या नवऱ्याला, ते आवडलं नाही. पस्तीस वर्षं त्याने कारखान्याच्या आतल्या रेल्वेत पॉइंट्समनचं, गाड्यांचे रूळ बदलायचं, काम केलं होतं. जी वस्तू जिथली, ती तिथे असावी, असा त्याचा स्वभाव. पोटातली वस्तू टीव्हीजवळ असू नये, एवढं तो एकदाच बोलला. कमलाबाईने बरणी हलवली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवायची. कोणी म्हणे माझ्या जावेचा एकच होता, पण बोराएवढा. कमलाबाई मान हलवायची, पण एक म्हणजे काहीच नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. एका रविवारी वंदनेला जाताना तिने बरणी पिशवीत घालून बुद्धविहारातही नेली.

तिथेच प्रफुल सरांनी ती पाहिली. सर त्याच गल्लीत राहायचे आणि खुर्सीपारच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. पुस्तकात पित्ताशयाचं नुसतं चित्र आहे, पोरांनी खरं कधी पाहिलेलं नाही, थोडे दिवस देता का, असं त्यांनी विचारलं. कमलाबाईला फार बरं वाटलं. ती स्वतः पाचवीनंतर शाळेत गेली नव्हती. तिच्या पोटातलं काही तरी दहावीच्या वर्गात चाललं होतं. सत्तेचाळीस आहेत, मोजून परत आणा, एवढं बजावून तिने बरणी दिली.

जानेवारीच्या शेवटी सुशीला तिला भेटायला आली. सुशीला तिची जुनी मैत्रीण, दुर्गच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीस वर्षांपासून कामाला. महिनाभर ती बहिणीकडे गोंदियाला होती, म्हणून ऑपरेशनचं तिला उशिरा कळलं. चहा झाला, जखमा दाखवून झाल्या, खड्यांचा आकडा सांगून झाला. मग सुशीलाने विचारलं, "रिपोर्ट काय आला?"

"कोनता रिपोर्ट?"

"थैलीचा. बायोप्सीचा."

"थैली तर शाळेत गेली," कमलाबाई म्हणाली.

सुशीला हसली नाही. कप खाली ठेवून तिने सरळ सांगितलं. खडे वर्षानुवर्षं घासत राहिले की कधी कधी त्या थैलीच्या आतून कॅन्सर सुरू होतो. तो इतका बारीक असतो की सोनोग्राफीत दिसत नाही, ऑपरेशन करणाऱ्यालाही दिसत नाही. थैलीचे पातळ काप करून काचेवर पाहिले, तरच कळतं. बहुतेकांच्या थैलीत काही निघत नाही. तिच्या लॅबमध्ये येणाऱ्या थैल्यांमध्येही क्वचितच एखादी तशी असते.

"मंग माया थैलीत कावून राहीन?" कमलाबाईने विचारलं.

"नसन राहत. पन पाह्यल्याशिवाय मी कशी सांगू?"

धोंडबा दाराजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होता. त्याने पेपरची घडी घातली, उठला, जोडे घातले आणि स्कूटरची चावी घेतली. कमलाबाईनेही शाल घेतली.

शाळेत प्रफुल सरांचा तास चालू होता. दारात हे दोघं उभे राहिले तेव्हा टेबलावर पांढऱ्या कागदावर खडे ओळीने मांडलेले होते आणि एक मुलगी पट्टीने त्यांची मापं घेत होती. सरांनी मुलांना सांगितलं की ज्यांच्या पोटातले हे खडे, त्या आजी याच. सगळा वर्ग उभा राहिला. कमलाबाईला क्षणभर आपण कशाला आलो तेच आठवेना. मग त्या मुलीने तिला हिंदीत सांगितलं की खडे सत्तेचाळीस नाहीत, अठ्ठेचाळीस आहेत. एक थैलीच्या घडीमागे लपला होता, म्हणून बाहेरून मोजताना दिसला नसेल. कमलाबाईने पुन्हा मोजून पाहिले. पोरगी बरोबर होती.

धोंडबाने सरांना बाजूला घेऊन कारण सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. पण एक गोष्ट त्यांनी नीट केली होती. खडे त्यांनी चिमट्याने काढले होते, थैलीला मात्र कोणाला हात लावू दिला नव्हता. बरणीतलं पाणी कमी झालेलं दिसलं, तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेतलं फॉर्मालिन, म्हणजे तेच उग्र वासाचं पाणी, ओतून त्यांनी ती भरून ठेवली होती. पुढे सुशीला म्हणाली, सरांनी एवढं केलं नसतं तर वाळलेल्या थैलीतून काहीच कळलं नसतं.

स्कूटरवर बरणी मांडीत घेऊन कमलाबाई खुर्सीपारहून दुर्गला गेली. राजदीप नर्सिंग होममधून नवी चिठ्ठी घेऊन आला. पहिलीचं काय झालं असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा त्याने खरं ते सांगितलं.

नवव्या दिवशी सुशीला स्वतः कागद घेऊन आली, आणि तिला फाटकातून आत येताना पाहूनच कमलाबाईला कळलं. थैलीच्या भिंतीत कॅन्सर होता. आतलं अस्तर ओलांडून तो त्याखालच्या स्नायूच्या थरात शिरला होता. त्याच्या पुढे मात्र गेलेला दिसत नव्हता. थैली निघाली असली तरी तेवढं पुरेसं नाही, असं सुशीलाने सांगितलं. रायपूरला डॉ. ऐश्वर्या देवांगन म्हणून एक सर्जन आहेत, लिव्हर, पित्तनळी आणि स्वादुपिंड यांचंच काम करतात, त्यांच्याकडे लगेच जायचं.

त्या संध्याकाळी घरात कोणी नीट जेवलं नाही. राजदीप मागच्या अंगणात नळाजवळ बसून होता. कमलाबाई तिथे गेली. तो तिच्याकडे पाहत नव्हता. आपण त्याच दिवशी बरणी दिली असती तर, एवढंच तो सांगत होता, पुन्हा पुन्हा. कमलाबाई त्याच्या शेजारी दगडावर बसली.

"नको जाऊ असं मीच म्हनलं न तुले. तू आयकलं. आता माह्यं आयकल्याचा राग धरतं का माह्यावर?"

"राग माह्याच वर हाये, माय."

"मंग तो रायपूरले घेऊन चाल. तिथं बॅगा उचलायले कामी येईन."

तो हसला, आणि मग रडला. तिने त्याला रडू दिलं.

डॉ. ऐश्वर्या चाळिशीच्या, ठेंगण्या, भरभर बोलणाऱ्या. त्या हिंदीत बोलत, मधूनच छत्तीसगढीत शिरत, आणि बोलता बोलता कागदावर चित्र काढत. पित्ताची थैली लिव्हरच्या पोटाशी चिकटून असते, त्यांनी दाखवलं. ती जिथे चिकटलेली होती, तो लिव्हरचा दोन बोटं जाडीचा तुकडा काढायचा आणि पित्तनळीभोवतीच्या गाठी काढायच्या. कॅन्सर पुढे सरकला असेल तर आधी तिथेच जातो. कमलाबाईने विचारलं की लिव्हर कापल्यावर काय उरतं. डॉक्टर म्हणाल्या, भरपूर उरतं, आणि कापलेलं लिव्हर पुन्हा वाढतंसुद्धा.

धोंडबाने एकच प्रश्न विचारला. "पुढची लाइन मोकळी हाये का नाई, हे गाडी सोडायच्या आधी कळते का?"

डॉक्टरांना त्याची मराठी पुरती कळली नसावी, पण प्रश्न कळला. राजदीपने हिंदीत सांगायच्या आधीच त्यांनी मान हलवली. आधी स्कॅन करायचा. मग ऑपरेशनच्या वेळी पहिल्यांदा दुर्बीण घालून आत पाहायचं. कुठे पसरलेलं दिसलं तर तिथेच थांबायचं, उगाच मोठं कापायचं नाही. धोंडबाचं समाधान झालं. त्याने ते चित्र मागून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

डॉक्टरांनी आणखी एक कागद पुढे केला. या भागात पित्ताशयाचा कॅन्सर कोणाला होतो आणि का होतो, याचा अभ्यास त्या करत होत्या. काढलेल्या भागाचा लहानसा तुकडा आणि थोडं रक्त अभ्यासासाठी ठेवायचं, आणि काही प्रश्नांची उत्तरं द्यायची. नाही म्हणालं तरी उपचारात काही फरक पडणार नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. कमलाबाईने सही केली. प्रश्न विचारायला एक मुलगी आली, ती दीड तास बसली. कोणतं तेल खाता, लग्नाआधी कोणतं खात होता, पाणी विहिरीचं की नळाचं, मुलं किती, दुखणं कोणत्या साली सुरू झालं, तंबाखू, दातांना घासायचा गुडाखू, उपास. जवसाच्या तेलापासून सुरुवात करून कमलाबाईने तिला भंडारा जिल्ह्यातलं आपलं अख्खं माहेर सांगितलं. आजवर आपल्याला कोणी एवढं विचारलं नव्हतं, असं ती नंतर म्हणाली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. पाच तास लागले. पहिल्या तासाला एक डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले की आत पसरलेलं काही दिसत नाही, पुढे जात आहोत. धोंडबा तोपर्यंत उभाच होता, तेव्हा बसला. तिसऱ्या दिवशी कमलाबाई एका हातात पोटातून आलेल्या नळीची पिशवी आणि दुसऱ्या हातात राजदीपचा दंड धरून वॉर्डाच्या टोकापर्यंत चालत गेली. चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही तिने चालायला लावलं. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. लिव्हरचा तुकडा साफ, सातही गाठी साफ. किमोची गरज नाही, दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचं.

रिपोर्ट समजावून झाला, डॉक्टर लिहायला लागल्या, तेव्हा कमलाबाईने विचारलं की तिच्यासारख्या किती थैल्या लोकांच्या घरी कपाटांवर पडून असतील.

डॉक्टरांनी पेन थांबवला. त्या म्हणाल्या, हेच तर आम्हाला माहीत नाही. आमच्याकडे जे येतात, तेच आम्ही मोजतो. जे येतच नाहीत, त्यांचा हिशोब कुठून लागणार.

"आमच्या भिलाईतल्या मी आनून देतो," कमलाबाई म्हणाली.

राजदीपला वाटलं ती गंमत करते आहे. डॉक्टरांना तसं वाटलं नाही. लोकांच्या थैल्या अशा गोळा करता येत नाहीत, त्याला इस्पितळाच्या समितीची परवानगी लागते, प्रत्येकाची सही लागते, असं त्या म्हणाल्या. परवानगी यायला पाच महिने लागले. तेवढ्या काळात कमलाबाईने मरोदा, खुर्सीपार आणि आणखी दोन सेक्टर पालथे घातले. कोणाचं पित्ताचं ऑपरेशन झालं, थैली कुठे आहे, रिपोर्ट आला की नाही, हे ती हळदीकुंकवालाही विचारायची आणि तेरवीलाही. धोंडबा वहीत नावं लिहायचा. त्याचं अक्षर तिच्याहून चांगलं होतं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी विहाराच्या मंडपात टेबलं लागली. डॉ. ऐश्वर्या दोन सहकाऱ्यांना घेऊन आल्या, सुशीला लेबलं लावायला बसली, प्रफुल सरांनी फॉर्म भरून घेतले. सव्वीस जण आले. लोणच्याची बरणी, औषधाची बाटली, झाकण चिकटपट्टीने बांधलेला स्टीलचा डबा. एकाने नुसते खडे आणले होते, चांदीच्या डबीत. एक म्हातारा भावाचं अपेंडिक्स घेऊन आला आणि त्याला परत पाठवलं तर रुसून बसला. कमलाबाईने त्याला चहा देऊन मनवलं. सव्वीस जणांनी आणलेल्यांपैकी पंधरा थैल्या तपासण्यासारख्या निघाल्या. बाकीच्या थैल्या वाळलेल्या होत्या किंवा साध्या पाण्यात सडलेल्या. त्यांच्या मालकांना डॉक्टरांनी सोनोग्राफीला बोलावलं.

पंधरापैकी चौदा साफ निघाल्या. पंधरावी दुर्गजवळच्या बोरसीच्या सुखरामची होती.

सुखराम रोलिंग मिलमधून रिटायर झालेला, तोंडाने फटकळ. त्याची बायको मैनाबाई बरणी घेऊन आली होती, तो आलाच नव्हता. रिपोर्ट कळल्यावर त्याने रायपूरला जायला साफ नकार दिला. मी दोन पोळ्या जास्त खातो, मला काही झालेलं नाही, असं तो म्हणे. मैनाबाईने कमलाबाईला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडबाची स्कूटर बोरसीत उभी होती.

सुखरामने यांना बसायलाही सांगितलं नाही. कमलाबाई आपणच बसली. ऑपरेशन कसं असतं, किती दुखतं, नळी कधी काढतात, पहिल्यांदा भात कधी देतात, हे तिने काही न लपवता सांगितलं. दुखतं, हे तिने दोनदा सांगितलं. सुखराम भिंतीकडे पाहत ऐकत होता. शेवटी म्हणाला की बरी झालेली बाई आहे म्हणून बोलायला सोपं आहे.

"हो, भाऊ," ती म्हणाली. "मेली असती तं तुमाले सांगायले कोन आली असती?"

सुखरामने मैनाबाईला चहा ठेवायला सांगितलं.

सुखरामचं ऑपरेशन सात तास चाललं. त्याच्या एका गाठीत कॅन्सर निघाला, म्हणून पुढे सहा महिने औषधं घ्यावी लागली. हातापायांची कातडी सोलली, चिडचिड वाढली, वजन उतरलं. डॉक्टरांनी त्याला कमलाबाईसारखी खात्री दिली नाही. पण औषधं संपली, पहिला स्कॅन साफ आला, दुसराही आला, आणि फटकळपणा पूर्ण परतला. मैनाबाईच्या मते तीच बरं वाटल्याची खरी खूण.

कमलाबाईच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली, तेव्हा डॉ. ऐश्वर्यांनी तिला अभ्यासाचा छापील लेख दाखवला. भिलाईच्या त्या रविवारावर त्यात एक परिच्छेद होता. आपलं नाव कुठे आहे, तिने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या की रुग्णाचं नाव छापायचं नाही असा नियम आहे, तिथे फक्त क्रमांक असतो. कमलाबाईला ते जरा लागलं. कितवा क्रमांक, तिने विचारलं. भिलाईच्या यादीत पहिला, डॉक्टर म्हणाल्या. आणि सुखरामभाऊचा? एकविसावा. मग ठीक आहे, ती म्हणाली.

आता सहा महिन्यांनी आलं तरी चालेल, असं डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं. कमलाबाईने तारीख सुखरामच्या तारखेला जोडून मागितली. ओढून आणल्याशिवाय तो येत नाही, असं तिने कारण दिलं. तेही खरंच होतं.

त्यामुळे आता चौघं मिळून जातात. सकाळच्या लोकलने रायपूर, दुपारपर्यंत तपासण्या, मग मैनाबाईच्या डब्यातला तांदळाच्या पिठाचा चीला आणि कमलाबाईची लसणाची चटणी, आणि चारच्या गाडीने परत. मागच्या वेळी दोघांचेही रिपोर्ट चांगले आले होते. गाडीत सुखराम कुम्हारी स्टेशनपर्यंत इस्पितळातल्या चहाला नावं ठेवत होता. मग त्याला डुलकी लागली आणि डोकं धोंडबाच्या खांद्यावर टेकलं. धोंडबा हलला नाही. भिलाई नगर आलं, या दोघांची उतरायची वेळ झाली, तरी तो तसाच बसून राहिला, आणि कमलाबाईकडे पाहून म्हणाला की यांच्यासोबत पुढे दुर्गपर्यंत जाऊ, तिथून ऑटोने येऊ. ती पिशवी घेऊन उठली होती, ती पुन्हा खाली बसली.